जमिनीत पुरलेले सूर्य



गेल्या हंगामात गारा पडल्या त्या दिवशी मी एका गटाच्या मासिक सभेला गेले होते. सभा कसली होतेय! पत्र्यावर एवढा आवाज, की हजेरी घेता येईना. सगळ्याजणी दारात गोळा होऊन समोरच्या कांद्याकडे बघत उभ्या होत्या. तेवढ्यात गटातल्या एक मावशी आत गेल्या, लोखंडी पहार घेऊन आल्या आणि ती त्यांनी अंगणात गारांमध्ये फेकली. कोणी काही बोललं नाही.

माझी आजीही असंच करायची. मी तेव्हा कॉलेजात होते. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं वाटत होतं. आजीने पहार फेकली आणि मी हसले. आजी रागावली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

या वेळी मावशींनी पहार फेकली तेव्हा हसू आलं नाही. त्याला एक कारण आहे. त्याच्या आधी थोडे दिवस मी डेन्मार्कमधल्या एका बेटाबद्दल वाचत होते. तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लहान लहान दगडांवर सूर्य कोरले आणि ते चरांमध्ये टाकून वर माती-दगड लोटले. एक-दोन नाहीत, सहाशेहून जास्त दगड सापडलेत. त्यांनी असं का केलं असेल, आणि आज पाच हजार वर्षांनंतर ते आपल्याला कसं कळतं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. युरोपच्या उत्तरेला डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. त्याच्या पूर्वेला, स्वीडनच्या दक्षिण टोकाजवळ, बाल्टिक समुद्रात बॉर्नहोम नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ ५८८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा लहान तालुका समजा. हे बेट डेन्मार्कचंच.

तिथलं ऊन आपल्यासारखं नाही. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सात तासांचा असतो. सकाळी आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि आपल्या दुपारच्या चहाच्या वेळेला मावळतो. जूनमध्ये उलट, सतरा तासांहून जास्त उजेड. आपण मे महिन्यात सूर्याला नावं ठेवतो, पण त्या लोकांचं सगळं पीक उन्हाळ्यातल्या मोजक्या महिन्यांच्या उन्हावर उभं. तेवढं ऊन चुकलं, की वर्ष गेलं.

शेती त्या भागात पोहोचली ती इ.स.पू. ४००० च्या सुमारास. त्याआधी तिथली माणसं शिकार करून, मासे पकडून आणि रानातलं फळ-कंद गोळा करून जगायची. मग गहू आला, जव आला, गाय, मेंढी आणि डुक्कर आलं. या शेतकऱ्यांच्या मडक्यांचं तोंड नरसाळ्यासारखं पसरट असायचं, म्हणून अभ्यासकांनी त्यांना त्या मडक्यांवरूनच नाव दिलंय. चकमकीच्या दगडाच्या कुऱ्हाडी घासून गुळगुळीत करायच्या, त्यांनी जंगल तोडायचं आणि शेत काढायचं. मेलेल्या माणसांसाठी ते प्रचंड दगडांच्या खोल्या बांधत, त्यातल्या कितीतरी अजून उभ्या आहेत. लिहिणं मात्र त्यांच्याकडे नव्हतं. त्यामुळे त्यांची भाषा कोणती, देवाला ते काय म्हणत, हे सांगणारा कागद नाही. जे काही कळतं ते मातीतून.

शेती रुळल्यावर पाचशे वर्षांनी, इ.स.पू. ३५०० च्या आगेमागे, डेन्मार्कमध्ये आणि स्वीडनच्या दक्षिण भागात एक नवी गोष्ट दिसायला लागते. उंचावरची मोठी जागा निवडायची आणि तिच्याभोवती चर खणायचे. पण सलग नाही. थोडा चर, मग मोकळी वाट, पुन्हा चर, पुन्हा वाट, असं गोल. आता राखणीसाठी खणलेला चर असता, तर एवढ्या वाटा कोण सोडेल? आपण गोठ्याला कुंपण घालताना चार ठिकाणी उघडं ठेवतो का? शिवाय आत रोजच्या राहण्याच्या खुणाही कमी. चरांमध्ये सापडतं ते वेगळंच. चांगली मडकी, कुऱ्हाडी, जनावरांची हाडं, क्वचित माणसाचीही.

डेन्मार्कच्या फ्यून बेटावर सारूप नावाची अशी एक जागा आहे. नील्स अँडरसन या पुरातत्त्व अभ्यासकांनी १९७० च्या दशकात तिथे खोदकाम सुरू केलं. तिथली सगळ्यात जुनी बांधणी साडेआठ हेक्टरांची, म्हणजे सुमारे एकवीस एकरांची निघाली. चरांच्या आतल्या अंगाला जाड लाकडांचं उभं कुंपणही होतं. एका वस्तीच्या माणसांचं हे काम नाही. आजूबाजूच्या बऱ्याच वस्त्या एकत्र येऊन हे उभं करत असणार आणि ठरावीक वेळी तिथे जमत असणार, असं अभ्यासकांचं मत आहे. चर खणायचा, त्यात वस्तू ठेवायच्या, बुजवायचा आणि काही काळाने पुन्हा तिथेच उकरायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं दिसतं.

बॉर्नहोमवरही अशी जागा आहे. तिचं नाव वासागोर. बेटाच्या दक्षिण भागात, एका लहान नदीच्या दोन्ही काठांवर. तिथून जवळच, समुद्राकडे, रिस्पेबियर नावाची दुसरी जागा आहे. या रिस्पेबियरला १९९५ मध्ये एक छोटा दगड सापडला. त्यावर ओरखडून काढलेला सूर्य होता. लोकांना नवल वाटलं, पण एकुलत्या एका दगडावरून काय बोलणार? पुढे २०१३ पासून वासागोरला मोठं खोदकाम झालं आणि चरांची माती बारकाईने तपासताना असे दगड निघतच राहिले. लहानमोठे तुकडे धरून आकडा गेला ६१४ वर.

दगड कसे आहेत ते सांगते. बहुतेक दगड शेलचे आहेत. शेल म्हणजे थराथरांचा, काळपट, चपटा निघणारा दगड, बेटावरच मिळणारा. आपण शाळेत दगडी पाटी वापरायचो ना, ती डोळ्यांसमोर आणा. अशा दगडावर टोकदार चकमकीने ओरखडा काढला, की फिकट रेघ उमटते. आकार अगदी लहान, काही सेंटिमीटरचा. बिस्किटाएवढा म्हणा, मुठीत सहज बंद होईल एवढा. काहींवर मध्ये गोल आणि चारी बाजूंनी किरणं, म्हणजे आपलं पहिलीतलं पोर काढेल तसाच सूर्य. काहींवर कणसांसारखी, रोपांसारखी चित्रं. काहींवर ओळी आणि चौकटी, शेतातल्या वाफ्यांसारख्या. २०१६ मध्ये सापडलेल्या एका दगडावर तर इतक्या बारीक रेषा आहेत, की काही अभ्यासकांना तो शेतांचा नकाशा वाटतो. या सगळ्यांना आता ‘सूर्यदगड’ म्हणतात.

सूर्य आणि पीक. सहाशे दगडांवर हेच दोन विषय फिरून फिरून येतात. काही साधे, काही निगुतीने केलेले. एका हाताने एवढे केले असतील असं मला वाटत नाही. पण हे माझं वाटणं झालं, ते बाजूला ठेवते.

आता मुद्द्याची गोष्ट. हे दगड शेकडो वर्षांत एकेक करून पडलेले नाहीत. त्यातले बरेचसे थोड्याच काळात चरांमध्ये टाकले गेले, इ.स.पू. २९०० च्या सुमारास. त्यांच्यासोबत जनावरांची हाडं होती, फुटकी मडकी होती, चकमकीच्या वस्तू होत्या. म्हणजे मोठं जेवण झालं असावं. मग वरून दगड अंथरून ते सगळं झाकून टाकलं गेलं. असं काय घडलं होतं, की एवढे सूर्य एकाच वेळी जमिनीत घालावेसे वाटले?

कोपनहेगन विद्यापीठाचे रूने इव्हर्सन आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी जानेवारी २०२५ मध्ये ‘अँटिक्विटी’ या पुरातत्त्वाच्या नियतकालिकात याचं एक उत्तर मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की त्या सुमाराला जगात कुठेतरी मोठा ज्वालामुखी फुटला आणि त्यामुळे सूर्य झाकोळला.

तुम्ही म्हणाल, कुठेतरी ज्वालामुखी फुटला तर या बेटावरच्या पिकाचं काय बिघडतं? म्हणून ते नीट सांगते. ज्वालामुखीची राख जड असते, ती बरीचशी लवकर खाली बसते. पण राखेबरोबर गंधकाचा वायूही उसळतो. स्फोट जबर असेल तर हा वायू ढगांच्याही वर जातो, जिथे पाऊसच नसतो. तिथे त्याचे अतिशय बारीक थेंब तयार होतात. पाऊस नसल्यामुळे ते धुतले जात नाहीत, वारे त्यांना पृथ्वीभर पसरवतात, आणि वर्ष-दोन वर्षं तो पडदा तसाच राहतो. सूर्य दिसतो, पण धुरकट. ऊब कमी पोहोचते.

हे अंदाजाचं बोलणं नाही, आपल्या काळात मोजलेलं आहे. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, त्यानंतर सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं होतं. त्याहून मोठा स्फोट १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोराचा. त्याच्या पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोपात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळाच आला नाही. अमेरिकेत जूनमध्ये हिम पडलं, दोन्हीकडे पिकं बुडाली, धान्य महागलं. आणि हे सगळं पेरणीच्या मागे लागलेल्या माणसाला कुठून कळणार, की हजारो मैलांवर एक डोंगर फुटलाय म्हणून!

मग इ.स.पू. २९०० चा ज्वालामुखी कसा सापडला? त्याच्या नोंदी तीन ठिकाणी आहेत.

पहिली नोंद बर्फात. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावर दरवर्षी हिम पडतं आणि जुन्यावर नवा थर चढतो. तिथे खोल भोक पाडून बर्फाची लांबच लांब कांडी बाहेर काढतात. तिच्यात वर्षावर वर्ष रचलेलं असतं, आपल्या कपाटात वह्यांची चळत असते तसं. ज्या वर्षी हवेत गंधक जास्त, त्या वर्षीच्या थरात त्याचं क्षारयुक्त रूप जास्त सापडतं. तसा ठसा इ.स.पू. २९१० च्या आसपासच्या थरांत आहे.

दुसरी नोंद झाडांत. झाड दरवर्षी एक वलय वाढतं. चांगलं वर्ष असलं की वलय रुंद, वाईट वर्षी चिंचोळं. जर्मनीत माइन नदीच्या गाळात दबलेली जुनी लाकडं आहेत, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात हजारो वर्षं जगणारी पाइनची झाडं आहेत. दोन्हीकडे त्याच काळातली वलयं गारठ्याची खूण दाखवतात. एक झाड युरोपातलं, एक अमेरिकेतलं, मध्ये अख्खा महासागर. म्हणजे थंडी एका गावापुरती नव्हती.

तिसरी नोंद चिखलात. जर्मनीतल्या एका भागात पाण्याखाली साचलेल्या गाळाचे वर्षावर्षाचे थर मिळतात. तेही त्या सुमाराला ऊन कमी पडल्याचं सांगतात.

हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पण मैत्रिणींनो, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. गटाची रोखवही तपासताना मी तीन गोष्टी कधीच एकत्र लिहू देत नाही. पेटीत हाताने मोजलेली रोकड वेगळी. हिशोबाने निघणारं येणं वेगळं. आणि ‘पुढच्या महिन्यात मिळेल बहुतेक’ हे तर वहीत लिहायचंच नाही, बाजूला कागदावर ठेवायचं. तीन एकत्र केले की गट बुडतो. मग ही गोष्टही तशीच तपासू.

पेटीतली रोकड काय? ६१४ दगड आणि तुकडे. त्यांवरचे सूर्य आणि कणसं. सोबतची हाडं आणि मडकी. वर अंथरलेले दगड. हे कुणीही जाऊन पाहावं, मोजावं.

हिशोबाने निघालेलं काय? काळ. जिवंत झाडात किंवा जनावरात एक प्रकारचा कार्बन असतो, जो ते मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा, पुढच्या तेवढ्याच वर्षांत त्याच्याही निम्मा. हाडात किंवा कोळशात तो किती उरलाय हे मोजून वय काढतात. पण हे वय एका वर्षावर बोट ठेवून सांगत नाही, बऱ्याच वर्षांचा पट्टा देतं. बर्फ जवळपास वर्ष सांगतो, हाड पट्टा सांगतं, आणि दोन्ही एकमेकांवर बसतात. एवढंच म्हणता येतं, की दगड पुरण्याचा काळ आणि थंडीचा काळ जुळतो.

आणि बाजूच्या कागदावरचं काय? ‘म्हणून’ हा शब्द. सूर्य झाकोळला, म्हणून सूर्य पुरले. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. कर्ज उचललं आणि त्याच महिन्यात म्हैस आटली, तर कर्जाने म्हैस आटली का? पण इथे एक मोठी गोष्ट त्या ‘म्हणून’च्या बाजूने आहे. दगडांवर चित्रं कशाची आहेत? सूर्याची आणि पिकाचीच. मासे नाहीत, शिकार नाही. ज्या दोन गोष्टी त्या वर्षी हातातून निसटत असतील, नेमक्या त्याच.

त्या काळात त्या लोकांवर आणखीही संकटं होती, तीही विसरून चालणार नाही. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या जुन्या थडग्यांतल्या १०८ माणसांच्या अवशेषांची जनुकीय तपासणी झाली, ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १८ जणांमध्ये प्लेगचे जंतू सापडले. म्हणजे दर सहा माणसांमागे एक. हे लोक त्याच शेतकरी समाजातले, साधारण इ.स.पू. ३३०० ते २९०० मधले. म्हणजे वरून थंडी आणि घरात आजार. त्यानंतर शंभरेक वर्षांत पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालक लोकांचे वंशज डेन्मार्कभर पसरले आणि जुन्या शेतकऱ्यांची वंशरेषा फार क्षीण झाली. हेही हाडांमधूनच कळलं.

तर हे दगड पुरणारी माणसं अशा काळात उभी होती. त्यांनी पुरताना मनात काय धरलं असेल? इव्हर्सन दोन शक्यता सांगतात. एक, सूर्य परत यावा म्हणून हे अर्पण केलं. दुसरी, सूर्य परत आला म्हणून आनंदाने अर्पण केलं. हे वाचताना मला एकदम आपले दोन शब्द आठवले. नवस बोलणं आणि नवस फेडणं. या दोन्हींमध्ये केवढं अंतर आहे, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बोलतानाचा आवाज वेगळा असतो, फेडतानाचा वेगळा. दगड मात्र दोन्ही वेळेला सारखाच दिसतो. मोठं जेवण दोन्ही वेळेला होतं. त्यामुळे ते सूर्य कोरणाऱ्या बाईच्या किंवा बाप्याच्या डोळ्यांत पाणी होतं की हसू, हे मातीतून वाचता येत नाही.

एक मात्र सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. दगड पुरल्याने सूर्य परत आला नाही. वरचे थेंब हळूहळू खाली उतरले, आकाश निवळलं आणि ऊन आलं. तांबोरानंतर आलं, पिनाटुबोनंतर आलं, तसंच. पहार फेकल्याने गार थांबत नाही, हेही खरं. माझ्या आजीलाही ते बहुतेक माहीत असावं. पण डोळ्यांदेखत पीक झोडपलं जात असताना हात रिकामा ठेवून उभं राहणं तिला जमत नव्हतं.

आणि ते लोक दगड पुरून बसून राहिले नाहीत. ही गोष्टीतली पुढची आणि माझ्या आवडीची बाजू. चर झाकल्यावर वासागोरला आणि रिस्पेबियरला नवं काम सुरू झालं. आता चर नाहीत. उभ्या लाकडांच्या कुंपणांच्या रांगा, एकीमागे एक. आणि आत लाकडी खांबांच्या गोल बांधण्या, दहा मीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान.

लाकूड तर केव्हाच कुजलं. मग पाच हजार वर्षांपूर्वीचं लाकडी कुंपण दिसतं कसं? हे तर तुम्हीच मला सांगाल. मांडवाची किंवा गोठ्याची मेढ काढल्यावर खड्डा राहतो. त्यात वरची काळी, भुसभुशीत माती, राख, काटक्या जाऊन बसतात. आजूबाजूची मूळ माती घट्ट आणि वेगळ्या रंगाची. पुढे कितीही वर्षांनी वरचा थर हळुवार खरवडला, की फिकट जमिनीवर काळे गोल डाग दिसतात. एक डाग म्हणजे काहीच नाही. पण डागांची रांग दिसली की कुंपण, आणि डागांचं वर्तुळ दिसलं की गोल बांधणी. आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ इनामगावला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची घरं शोधली, तीही अशाच खांबांच्या खळग्यांवरून. रीत तीच.

बॉर्नहोमच्या या खळग्यांमध्ये आणखी काही मिळालं. धान्य, हाडं, आणि आगीत मुद्दाम तडकवलेल्या चकमकीच्या कुऱ्हाडींचे तुकडे. एक कुऱ्हाड घासायला किती तास जात असतील, विचार करा. रोजच्या कामाची, मोलाची वस्तू आगीत घालून मग खांबाच्या खळग्यात टाकायची, म्हणजे ती गोल बांधणी साधी राहायची जागा नव्हती. अभ्यासक तिला पूजेची जागा म्हणतात. त्या एवढ्या रांगांसाठी किती झाडं दगडी कुऱ्हाडींनी पाडावी लागली असतील, ओढून आणावी लागली असतील! एका घराचं हे काम नाही. ज्या लोकांनी नुकतंच वाईट दिवस पाहिले, त्यांनी माणसं जमवून हे उभं केलं. या जागा पुढे इ.स.पू. २७०० च्या सुमारापर्यंत वापरात होत्या.

अशी लाकडी कुंपणं त्याच काळात समुद्रापलीकडे स्वीडनच्या दक्षिण भागातही दिसतात. मालमो शहरात ह्युल्ली म्हणून भाग आहे, तिथे असं कुंपण सापडलंय. उत्तर डेन्मार्कमधल्या ओर्स गावाजवळ सुमारे तीस मीटर रुंदीचं खांबांचं वर्तुळ सापडल्याची बातमी २०२५ मध्ये आली, पण ते या गोष्टीच्या नंतरचं आहे. सूर्याचं महत्त्व त्या भागात पुढेही टिकलं. १९०२ मध्ये डेन्मार्कमध्येच ट्रुंडहोम इथे दलदलीची जमीन नांगरताना एक कांस्याचा घोडा मिळाला, त्याच्यामागे चाकांवर सूर्याची सोनेरी थाळी. तो इ.स.पू. १४०० च्या सुमाराचा, म्हणजे सूर्यदगडांनंतर दीड हजार वर्षांनी. आपल्या सूर्याला सात घोडे, त्यांच्या सूर्याला एक.

काही सूर्यदगड आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेमागे ठेवलेत. कुणाची मुलं तिकडे शिकायला-नोकरीला असतील, तर त्यांना सांगा बघून यायला.

गारा पडल्या त्या दिवसाचं राहिलं. अर्ध्या तासाने सगळं थांबलं. अंगण पांढरं झालं होतं. मावशी बाहेर गेल्या, पहार उचलली, पदराने पुसली आणि परत कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाल्या, “ताई, हजेरी घ्या आता.” आम्ही हजेरी घेतली. कुणाचं किती नुकसान झालं ते लिहून काढलं. पंचनाम्याच्या अर्जाला काय काय कागद लागतात त्याची यादी केली. ज्यांचा हप्ता त्या महिन्यात होता, त्यांना मुदत द्यायची का यावर चांगली वादावादी झाली आणि शेवटी द्यायची असं ठरलं. हे सगळं वहीत आहे. पहार वहीत नाही. हजारो वर्षांनी कुणी आमचं अंगण खोदलं तर त्याला कदाचित ती पहारच सापडेल आणि वही सापडणार नाही. तेव्हा बॉर्नहोमच्या लोकांनीही दगड पुरल्यावर आपापसात काय काय ठरवलं असेल, कुणी कुणाला बियाणं दिलं असेल, हे मी मनात धरून चालते. अर्थात हे बाजूच्या कागदावर.

आता एक काम सांगते. उन्हाळ्यात शेततळ्यांची, विहिरींची खोदाई सुरू होईल. खोदताना मातीत काळे गोल डाग रांगेत दिसले, खापरं निघाली, किंवा रेघा काढलेला एखादा दगड हाती आला, तर तो घासून धुऊ नका, फोडू नका, आणि घरी आणून देव्हाऱ्यातही ठेवू नका. आहे तिथे राहू द्या, मोबाइलवर फोटो काढा आणि ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून हलवलेला दगड नुसता दगड राहतो. 

पुढच्या सभेला मी मावशींना ही गोष्ट सांगणार आहे. त्या काय म्हणतात ते नंतर कळवीन. नमस्कार.